चुलीपुढे शिष्य झालेला कवी

साल १७८४. पुण्यात सवाई माधवराव पेशवे अवघे दहा वर्षांचे होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता आणि सालबाईचा तह होऊन दोन वर्षं उलटली होती. त्याच वर्षी तिकडे चीनमध्ये नानजिंग शहरातला एक अडुसष्ट वर्षांचा कवी लांबच्या प्रवासाला निघाला. त्याचा चुलतभाऊ दक्षिणेत, ग्वांगडोंग प्रांतात, सरकारी हुद्द्यावर होता. त्याला भेटायचं, वाटेतले डोंगर बघायचे, जागोजागच्या स्नेह्यांकडे मुक्काम करायचा, असा सुमारे वर्षभराचा बेत. कवीचं नाव युआन मेई. त्या काळच्या चीनमध्ये चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे नाव ठाऊक नाही, असं सहसा होत नसे.

या प्रवासात ग्वांगडोंगमधल्या एका बड्या लष्करी अंमलदाराकडे त्याने एक वाफवलेला पदार्थ खाल्ला. बाहेर कणकेची पारी, आत मांसाचं सारण; म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर खिम्याचे मोदकच. ते फार मऊ आणि रसाळ होते. त्यातली मेख अशी, की डुकराची कातडी मंद आचेवर शिजवून तिचा थिजणारा रस काढला होता आणि तो सारणात घातला होता. युआन मेईने हे सगळं पुढे आपल्या पुस्तकात जेमतेम तीन ओळींत टिपून ठेवलं. पदार्थाचं नाव त्याने लिहिलं त्येन-पू-लंग. या चिनी अक्षरांचा एकत्र असा काही धड अर्थ लागत नाही. म्हणून काही अभ्यासकांचा तर्क आहे की हा इंग्रजीतला डंपलिंग हा शब्दच चिनी कानांनी ऐकलेला असावा. तर्क अगदीच हवेतला नाही. १७५७ पासून पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनचं एकच बंदर मोकळं होतं, ते म्हणजे ग्वांगडोंगमधलं कॅन्टन. इंग्रजांची गलबतं तिथे लागत. आपल्या मुंबईहून गेलेला कापूस आणि त्याच्याबरोबर गेलेले पारशी व्यापारीही तिथेच उतरत.

कॅन्टनचे हे वाफवलेले प्रकार आता डिम सम या नावाने मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतून बांबूच्या टोपल्यांत समोर येतात. ते घरी कसे करायचे हे मी पुढे सांगणार आहेच. पण आधी गोष्ट या माणसाची. पदार्थ आवडला की तो कुणाच्या हातचा, हे विचारणारे पुष्कळ असतात. उठून त्या घरच्या चुलीपाशी जाणारे आणि त्या हाताची नोंद ठेवणारे फार थोडे. युआन मेई त्या थोड्यांतला होता, आणि त्याचं सगळं आयुष्य पाहिलं की तो तसा का झाला हे हळूहळू उमगत जातं.

हुशार मुलगा, नापास अधिकारी

युआन मेईचा जन्म १७१६ सालचा, हांगचौ शहरातला. घर सुशिक्षित पण ओढगस्तीचं. वडील निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या पदरी कायद्याचे सल्लागार म्हणून नोकरी करत गावोगाव फिरत. घरात होती ती आई आणि एक विधवा आत्या. या आत्यानेच पोराला जुन्या ग्रंथांतल्या गोष्टी सांगून वाचनाची गोडी लावली. पुढे मोठा झाल्यावर बायकांच्या बुद्धीविषयी युआन मेई आपल्या काळापेक्षा वेगळं बोलत राहिला, त्याचं मूळ मला या आत्यापाशी दिसतं.

मुलगा अतिशय हुशार. चिनी हिशेबाने बाराव्या वर्षी त्याने पहिली सरकारी परीक्षा दिली आणि पदरात पाडून घेतली. विशीत तो दक्षिणेला काकांकडे गेला असता तिथल्या सुभेदाराने त्याची विद्या पाहून पेकिंगच्या खास परीक्षेसाठी त्याची शिफारस केली. तिथे जमलेल्या विद्वानांत हा सर्वांत लहान. त्या खेपेला यश आलं नाही. पण १७३९ साली, तेविसाव्या वर्षी, त्याने सर्वांत वरची परीक्षा सर केली आणि बादशहाच्या विद्वत्परिषदेत त्याची वर्णी लागली. घरचं दैन्य फिटलं असं सगळ्यांना वाटलं.

पण राज्यकर्ते मांचू होते आणि दरबारातल्या तरुण विद्वानांना मांचू भाषा शिकावी लागे. युआन मेईचं तिथे मन रमेना. १७४२ साली त्या भाषेच्या परीक्षेत तो सपशेल नापास झाला आणि राजधानीतून उचलून त्याला जिल्ह्यांच्या कारभारावर पाठवण्यात आलं. एकामागून एक चार ठिकाणी त्याने मामलेदारी केली. शेवटचं ठिकाण नानजिंग. न्यायनिवाड्यात त्याचं नाव चांगलं होतं. पण वरिष्ठांसमोर वाकायचं, दौऱ्यावर आलेल्या साहेबांच्या सरबराईत दिवस घालवायचे, याचा त्याला उबग आला.

नानजिंगमध्ये एक पडीक बाग विकाऊ होती. पूर्वी ती सुइ नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची होती. युआन मेईने ती १७४८ साली घेतली आणि नावात एक गंमत केली. उच्चार सुइ हाच ठेवला, पण लिहिताना अक्षर बदललं. नव्या अक्षराचा अर्थ झाला, जसं असेल तसं घेणं, ओघाबरोबर जाणं. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. वय तेहतीस. मध्ये १७५२ साली थोडे महिने पुन्हा चाकरी केली तेवढीच. वडील गेल्याचं निमित्त झालं आणि तो जो घरी आला तो कायमचा. उरलेली पंचेचाळीस वर्षं तो सुइ बागेचा धनी म्हणूनच ओळखला गेला.

आता पोट कशावर भरायचं? त्याने लेखणी चालवली. कविता होत्याच. शिवाय श्रीमंतांच्या घरचे मृत्युलेख लिहून देण्याचे त्याला भरपूर पैसे मिळत. पुस्तकं खपत. बागेला त्याने भिंत घातली नाही. गावातली माणसं ऋतुमानाप्रमाणे फुलं बघायला यायची आणि मनसोक्त हिंडून जायची. लाल महालाचं स्वप्न या प्रसिद्ध चिनी कादंबरीतली बाग म्हणजे आपलीच बाग, असंही तो सांगे. अभ्यासक यावर अजून वाद घालतात.

वांग श्याओयू

या बागेच्या मुदपाकखान्यात एक स्वयंपाकी होता, वांग श्याओयू. जातीने हलक्या समजल्या जाणाऱ्या नोकरवर्गातला. युआन मेईने त्याचं छोटंसं चरित्र लिहिलं आहे. त्या काळी चरित्रं लिहिली जात ती मंत्र्यांची, सेनापतींची, पतिव्रतांची. स्वयंपाक्याचं चरित्र लिहावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

त्या चरित्रातून वांग डोळ्यांपुढे उभा राहतो. बाजारहाट तो स्वतः करायचा. माल बघून घेतल्याशिवाय कढई चढवायचा नाही. चुलीपुढे उभा राहिला की नजर जाळावरून हलायची नाही. हाताखालच्यांना जाळ वाढवा, जाळ उतरवा एवढंच सांगायचा. आजूबाजूला इतकी शांतता असे की श्वास ऐकू यावा. पदार्थ भारी की साधा याला त्याच्या लेखी महत्त्व नव्हतं. हातात कला असेल तर साध्या भाजीची नि लोणच्याचीही मेजवानी होते, आणि नसेल तर दालनं भरून उंची माल आणला तरी व्यर्थ, असं त्याचं म्हणणं.

एकदा युआन मेईने त्याला विचारलं, की इतका हात असताना तू एखाद्या धनिकाकडे का जात नाहीस. वांगचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. आपल्याला समजून घेणारा मालक मिळणं कठीण, आणि चव समजणारा मिळणं त्याहून कठीण, असं तो म्हणाला. दुसरीकडे नुसती वाहवा मिळेल आणि तिने आपली कला दिवसेंदिवस घसरेल. इथला मालक दोष काढतो, रागावतो, पण नेमकं जिथे उणं आहे तिथेच बोट ठेवतो. असला मालक सोडून जायचं कशाला?

दहा वर्षंही पुरी झाली नाहीत आणि वांग वारला. त्यानंतर जेवायला बसलं की युआन मेईच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याने लिहून ठेवलंय की वांगच्या बोलण्यात राज्य कसं चालवावं आणि लेख कसा लिहावा याचेही धडे होते. पण ते पदार्थ? ते वांगबरोबर गेले. मला वाटतं, या मृत्यूने त्याला पहिल्यांदा जाणीव झाली की ग्रंथ मागे राहतात, हाताची चव मात्र राहत नाही.

बहीण

दुसरा घाव घरातला. त्याची धाकटी बहीण सूवेन. वडिलांनी एका घराण्यावर उपकार केले होते, त्याची फेड म्हणून तिचं लग्न ती तान्ही असतानाच ठरलेलं. मुलगा वाईट चालीचा निघाला, तेव्हा सासरच्यांनीच लग्न मोडायची तयारी दाखवली. पण एकदा शब्द दिला की मरेपर्यंत पाळायचा, अशा गोष्टी वाचत वाढलेली ही मुलगी. ती हट्टाने त्या घरी गेली. नवऱ्याने मारहाण केली, दागिने फुंकले आणि शेवटी जुगाराचं देणं फेडायला तिला विकायला काढलं. तेव्हा वडिलांनी फिर्याद करून तिला सोडवून आणलं. मुकी लेक घेऊन ती माहेरी राहिली, आईची सेवा करत राहिली आणि १७५९ साली गेली. त्या दिवशी युआन मेई घरी पोहोचला तेव्हा तिला जाऊन काही तासच झाले होते. हातपाय अजून गार पडले नव्हते.

पुढे त्याने तिच्यासाठी जो शोकलेख लिहिला तो चिनी गद्याचा उत्तम नमुना म्हणून आजही वाचला जातो. त्याने तिच्या कवितांचं पुस्तकही केलं. उतारवयात त्याने उघडपणे मुलींना काव्यातल्या शिष्या म्हणून स्वीकारलं आणि १७९६ साली त्यांच्या कवितांचा संग्रह छापला. पाय बांधण्याच्या रूढीची त्याने टिंगल केली. चांग श्वेचेंग यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकाराने यावरून त्याच्यावर सडकून टीका केली. टीकेला जागाही होती. युआन मेई काही साधुपुरुष नव्हता. त्याच्या घरी उपस्त्रिया होत्या, नटांशी त्याची घसट होती, आणि आपल्या शौकांची त्याला लाज नव्हती. तो तसा होता तसाच सांगितलेला बरा.

बागेतला पाकग्रंथ

चाळीस वर्षं युआन मेईने एक नेम पाळला. कुणाकडे जेवून तृप्त झाला की दुसऱ्या दिवसांत आपल्या स्वयंपाक्याला त्या घरच्या चुलीपाशी पाठवायचं, तेही शिष्य म्हणून, रीतसर मान देऊन. एका अधिकारी स्नेह्याने स्वतः केलेल्या टोफूची कृती सांगण्याआधी तीन नमस्कारांची अट घातली, तेव्हा हा म्हातारा कवी खरोखर तीन वेळा वाकला. या साऱ्यातून १७९२ साली पुस्तक निघालं, सुइयुआन शीदान. अर्थ सरळ आहे, सुइ बागेतल्या पदार्थांची यादी. चौदा प्रकरणं आणि तीनशेवर पदार्थ.

पहिली दोन प्रकरणं नियमांची. काय पाळावं आणि काय टाळावं. ती वाचताना आपल्याच घरातली एखादी शिस्तीची आजी बोलत असल्याचा भास होतो. कांदा चिरलेल्या सुरीने बांबूचे कोंब चिरू नका. मिरी कुटलेल्या खलात पीठ कुटू नका. चांगल्या स्वयंपाक्याने आधी सुरीला वारंवार धार लावावी, फडकं वारंवार बदलावं, पाट वारंवार खरवडावा, हात वारंवार धुवावेत, आणि मग पदार्थाला लागावं. सारखं झाकण उघडून बघू नका. फेस वाढतो आणि वास उडतो. आणि जेवण उत्तम झालं तर दहातले सहा गुण रांधणाऱ्याला द्या, चार बाजार करणाऱ्याला. भाजी निवडून आणणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना हे वाक्य मी मुद्दाम ऐकवलं आहे!

टाळायच्या गोष्टींत त्याचा विनोद खुलतो. एका सुभेदाराने मोठ्या हंड्याएवढ्या वाडग्यांतून उंची पक्ष्याच्या घरट्याचं सूप वाढलं. नाव मोठं, लक्षण खोटं; चव शून्य. पाहुणे मात्र वाहवा करत होते. युआन मेई हसून म्हणाला की आपण ते खायला आलो आहोत, त्याचा व्यापार करायला नाही. नुसती श्रीमंतीच दाखवायची तर वाडग्यात शंभर मोती घालावेत, असा त्याचा टोला. एका व्यापाऱ्याकडे तर तीनदा ताटं बदलून चाळीसच्या वर पदार्थ आले. यजमान खूश. आणि हा घरी परतल्यावर पेज करवून प्यायला, कारण भूक तशीच होती.

आपल्याकडच्या पंगतींना लागू पडेल असाही एक नियम आहे. आग्रह करू नये. पाहुण्याला काय हवं ते पाहुण्याला कळतं. त्याच्या पानात पदार्थांचा ढीग रचणं हा मान नव्हे, त्रास आहे. जिलबीच्या आग्रहात वाढलेल्या माझ्या पिढीला हे दोनशे वर्षांपूर्वीच्या चीनमधून ऐकायला मिळावं, याची गंमत वाटते.

पण या पुस्तकाचं खरं वेगळेपण पदार्थांच्या नावांत आहे. अमक्या अधिकाऱ्याचा टोफू, तमक्या घरची पोळी. जिथे कृती नीट कळली नाही तिथेही कोणाच्या घरची चव, एवढं त्याने लिहून ठेवलंच. प्रस्तावनेत त्याने हिशेब प्रांजळपणे मांडला आहे. काही पदार्थ पुरते शिकता आले, काहींत दहातले सहा-सात हाती लागले, काहींत दोन-तीनच, आणि काही कायमचे हरवले. हरवलेल्यांत एक नोंद मला चटका लावून जाते. ताओ नावाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी दर वर्षी नववर्षाला स्वतःच्या हाताने दहा तऱ्हांचा फराळ करायच्या. तो खाल्ल्यावर जगातला बाकीचा फराळ बंद केला तरी चालेल, असं एका बड्या अधिकाऱ्याचं म्हणणं युआन मेईने नोंदवून ठेवलं आहे. ताओ वारले आणि तो फराळही संपला. पुस्तकात नाव आहे ते ताओंचं. करणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव इतकं जपणाऱ्या या माणसानेही लिहिलेलं नाही.

तीन ओळींवरून स्वयंपाकघरात

आता त्या ग्वांगडोंगच्या मोदकांकडे वळू. युआन मेईच्या कृतीत मापं नाहीत. कणीक पसरावी, मांसाचं सारण भरावं, वाफवावं. मांस कोवळं असावं, त्यातल्या शिरा काढाव्यात, मसाला बेताचा असावा. सगळं यश सारणात आहे, आणि त्या घरच्या सारणाचं गुपित म्हणजे तो थिजलेला रस. एवढंच. बाकीची मापं मी माझ्या ओट्यावर बसवली.

रसाचं तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. बोकडाच्या पायांचं सूप रात्रभर गार राहिलं की सकाळी जेलीसारखं थिजतं. कातडी आणि सांध्यांतून उतरलेल्या चिकट द्रव्याचा तो गुण. आमच्या घरी मी तेच वापरते. पायांचं साधं सूप, मीठ आणि आल्याचा तुकडा घालून चार तास मंद आचेवर, गाळून, फ्रिजमध्ये. पाव किलो कोंबडीच्या खिम्याला पाऊण वाटी हा थिजलेला रस बारीक चिरून. शिवाय पातीचा कांदा, आल्याचा रस, दोन चमचे सोया सॉस, थोडी पांढरी मिरी आणि शेवटी चमचाभर तिळाचं तेल. रस घालण्याआधी खिमा एकाच दिशेने चांगला फेटायचा. तो चिकट झाला की सारण बांधून येतं. वाफ लागली की रस वितळतो आणि पहिल्या घासाला तोंडात उतरतो. शाकाहारी घरांनी मशरूम, कोबी, गाजर घ्यावं आणि भाज्यांचं दाट पाणी चायना ग्रासने थिजवावं. चायना ग्रासही वाफेच्या उष्णतेला वितळतं, म्हणजे काम तेच.

पारीसाठी दोन वाट्या मैदा, चिमूटभर मीठ आणि पाऊण वाटी उकळतं पाणी. पाणी गार घेतलं तर पारी चिवट होते. उकळत्या पाण्याने पीठ अर्धवट शिजतं आणि मऊ राहतं. मळून अर्धा तास झाकून ठेवावी. लिंबाएवढे गोळे, पुरीहून लहान पाऱ्या, कडा पातळ आणि मध्य जाडसर. कळ्या पाडण्याचं आपल्या बायकांना शिकवायला नकोच.

हॉटेलात जी पारदर्शक पारी दिसते, आत गुलाबी कोळंबी झळकते, तो प्रकार युआन मेईने खाल्लेला नाही. ती कॅन्टनची विसाव्या शतकातली करामत. तिचं पीठ कशाचं असतं हे कळलं तेव्हा मला आमच्या गच्चीवरचं उन्हाळ्याचं वाळवण आठवलं. कणीक पाण्यात धुऊन तिचा चिवट भाग वेगळा काढतात, आणि खाली बसलेलं पांढरं सत्त्व वाळवून त्याचं पीठ करतात. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून आपण जो चीक काढतो तोच हा माल. एक वाटी हे पीठ, अर्धी वाटी टॅपिओकाचं पीठ, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचं, चिमूट मीठ, आणि त्यावर एक ते सव्वा वाटी खळखळ उकळतं पाणी ओतून झाकण. पाच मिनिटांनी तेलाच्या हाताने मळायचं. ही सरळ सरळ उकडच झाली. आत कोळंबीचे तुकडे आणि बांबूचे कोंब. चुण्या एकाच बाजूला पाडतात, आणि जाणकार त्या मोजतात; आपण मोदकाच्या कळ्या मोजतो तशाच.

वाफवायला मोदकपात्र उत्तम. तळाला तेल लावलेलं केळीचं पान. कॅन्टनमध्ये बांबूच्या टोपल्या वापरतात, कारण बांबू वाफेचं पाणी शोषून घेतो आणि ते पदार्थावर ठिबकत नाही. आपल्या धातूच्या झाकणाला आतून फडकं बांधलं की तेच साधतं. पाण्याला उकळी फुटल्यावरच पात्र चढवावं. कोळंबीचे सहा-सात मिनिटांत होतात, खिम्याचे दहा-बारा मिनिटांत. आणि मध्ये झाकण उघडायचं नाही. नियम कुणाचा ते वर आलंच आहे.

माझ्या सासूबाई उकड कानाने ओळखायच्या. पाण्याचा आवाज बदलला की पीठ टाकायचं, असं त्या सांगायच्या. कमलाबाई ओगल्यांचं रुचिरा १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याची मापं घराघरांत रुळली, पण सासूबाईंच्या हाताला वाटीची गरज कधी पडली नाही. एका गणपतीत मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. मूठ टाकली की ती परातीतून वाटीत काढून मोजायची, मग परत घालायची. त्यांना हसू यायचं. त्या वहीत कृतीच्या डोक्यावर मी त्यांचं नाव लिहिलं, त्यांच्या नवऱ्याचं किंवा घराण्याचं नव्हे.

युआन मेईला मुलगा झाला तो साठी ओलांडल्यावर. त्याचं नाव त्याने ठेवलं आ-ची, म्हणजे उशिरा आलेला. त्याच वर्षी, १७७८ साली, त्याची आई नव्वदी पार करून गेली. तो स्वतः हिंडत, खात, लिहीत राहिला. चिनी पंचांगाप्रमाणे १७९७ संपता संपता आणि इंग्रजी तारखेने १७९८ च्या जानेवारीत तो वारला. १८५३ साली ताइपिंग बंडखोरांनी नानजिंग घेतलं, त्या धामधुमीत सुइ बाग उद्ध्वस्त झाली आणि तिथे पुढे शेती झाली. १९५६ साली आर्थर वेली या इंग्रज अभ्यासकाने त्याचं चरित्र लिहिलं, तोवर बागेचं नावच तेवढं उरलं होतं. पुस्तक मात्र आजही छापलं जातं, आणि त्यात त्या लष्करी अंमलदाराच्या घरचे मोदक आहेत.

त्या मोदकांपैकी माझ्या ओट्यावर किती उतरलं असेल? युआन मेईच्या हिशेबाने बहुधा दहातले दोन-तीन. सासूबाईंच्या उकडीचं मात्र मी सहा-सात धरते. पाण्याचा आवाज कधी बदलतो ते मला आता कळतं. यंदा माझी सून पेन्सिल घेऊन उभी होती.